चिंगीच्या नंबरावर

चिंगीचा मोबाईल इंद्रायणीत सोडला तो तिच्या बापानंच. दहाव्याला. बांगड्यांचा डबा, फणी, टिकल्यांचं पाकीट, एक ओढणी आणि तो मोबाईल, सगळं एका फडक्यात बांधून शिदूनं पाण्यात ढकललं आणि मागं न बघता काठ चढून वर आला. भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या त्यांच्या वाडीची रीतच तशी. गेलेल्याचं घरात काही ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचा जीव उंबऱ्यात घुटमळत राहतो. त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही, की त्या फडक्यासोबत साऱ्या वाडीचा तांदूळही बुडाला.

तांदूळ हातसडीचा. बाया उखळात कांडायच्या आणि चिंगी मोबाईलवर विकायची. बारावी शिकलेली पोर. तिनंच इंटरनेटवर दुकान काढलं, नाव दिलं ‘चिंगीचं कोठार’. बाया मुसळ उचलताना गात, तेही तिनं मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं. आवाज रूपाचा, तिच्या आईचा:

साळी मी कांडीते, मोतियांची पडे रास
चिंगीच्या गं हातून गेला दूरदेशी वास

माघात कुणीतरी ते गाणं आपल्या व्हिडिओत घातलं आणि कोठारावर गिऱ्हाईक तुटून पडलं. वाडीतल्या एकूणएक घरानं आपला खायचासुद्धा तांदूळ काढून दिला. बायांच्या तळहातांची सालटी निघाली. पिशव्या मळवलीहून पार्सलनं कुठं कुठं गेल्या. लोकांनी पैसे भरले, लोकांना तांदूळ पोचला, आणि पैसे वाडीत यायच्या आधी चिंगीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ. शिमग्याची होळी पेटली तेव्हा पोर घरात नव्हती.

पावसाळाभर कुणी काही बोललं नाही. लेकीच्या दुःखातल्या बाईला पैशाचं कसं विचारायचं? पण गणपती गेले, भात पिवळं पडायला लागलं, तशी माणसं आधी कुजबुजली आणि मग बोलली. एका सकाळी नळावर सुषमानं तोंड उघडलं. सुषमाचा तांदूळ सगळ्यात जास्त गेलेला, आणि जीभही वाडीत सगळ्यात तिखट तिचीच.

“रूपाबाय, तुजी लेक देवानं नेली. आमचा तांदूळ कुनी नेला?”

“यील की गं पैसं. अडकल्यात कुटंतरी.”

“अडकल्यात व्हय? का लोनावळ्याच्या कुन्या पोराच्या खात्यात जाऊन बसल्यात? लोक म्हनत्यात, मी न्हाई म्हनत.”

रूपाचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिला कळलं नाही. लेक गेली ते तिनं सोसलं होतं. जेवण जात नव्हतं तरी गिळलं होतं. पण आता लेकीच्या नावावर चोरीचा आळ, आणि तो खोडायला ती पोर जागेवर नाही. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, ती दुसऱ्या कुणीतरी मांडावी लागते. हंडा तिथंच टाकून रूपा उतरणीला लागली ती थेट मळवली स्टेशनावर, हौशीरामच्या दुकानात.

हौशीरामचं दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा, रेल्वेचं तिकीट, सगळं एका कॉम्प्युटरवर. चिंगी इथंच बसून पार्सलच्या चिठ्ठ्या छापायची. तिची ईमेल अजून त्या कॉम्प्युटरवर उघडत होती. हौशीराम वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“रूपाताई, पैसे आहेत. कुणी खाल्लेले नाहीत.”

“कुटं हायेत?”

“मधल्या कंपनीकडं. आता बघा, गिऱ्हाइकानं मोबाईलवर पैसे भरले, म्हणजे ते लगेच चिंगीला मिळाले असं नसतं. त्याच्या बँकेतनं निघतात आणि मधे एक कंपनी असते तिच्या हातात पडतात. सोयरिकीत नाही का, दोन्ही घरं एकमेकांना ओळखत नाहीत, तेव्हा देणंघेणं मधल्या माणसाच्या हातात ठेवतात? तसं. माल पोचला, कुणाची तक्रार नाही, की मग तो मधला माणूस पैसे आपल्या बँकेत सोडतो.”

“मग सोडंना का त्यो?”

“एकदम एवढं गिऱ्हाईक आलं ना, त्याला संशय आला. नवीन दुकान, कधी दोन पिशव्या विकणारं, आणि एकाएकी एवढी उलाढाल? त्यानं पैसे धरून ठेवले आणि चिंगीला कळवलं, की तूच ती चिंगी, हे पुन्हा एकदा पटवून दे. तेव्हा ती दवाखान्यात होती.” हौशीरामनं चष्मा काढला. “नंतर किती वेळा कळवलंय. ह्या आठवड्यात पटवलं नाही, तर सगळी रक्कम ज्याची त्याला परत जाणार.”

“तांदूळ खाऊन झाला त्यांचा!”

“ते मशीनला काय ठाऊक, ताई?”

हौशीरामनं त्याच वेळी कंपनीला लिहिलं, की खातेदार वारली आहे, आई जिवंत आहे. उत्तर लगेच आलं, गोड भाषेत. आम्हाला दुःख झालं, मृत्यूचा दाखला द्या, कोर्टाचा वारस दाखला द्या. वारस दाखला म्हणजे वडगावच्या कोर्टाच्या खेपा, वकील, महिने. आठवडा काही त्यासाठी थांबणार नव्हता.

“दुसरी वाट न्हाई?”

हौशीरामनं खुर्ची जवळ ओढली. मग हळू म्हणाला, “एक आहे. सरळ नाही ती. चिंगी म्हणून आत शिरायचं. पण त्याला तिच्या नंबरावर ओटीपी येतो. तेवढे आकडे मिळाले की…”

“मोबाईल नदीत सोडला.”

“सिमकार्ड?”

“त्यातच व्हतं की.”

हौशीरामनं कपाळाला हात लावला. पण काहीतरी सुचून त्यानं तो नंबर आपल्या फोनवरून लावला, आणि स्पीकरवर रिंग वाजायला लागली. रूपा दचकून उभी राहिली. शिमग्यानंतर तिनं कितीदा तरी शिदूच्या साध्या फोनवरून तो नंबर लावला होता. दर वेळी ‘बंद आहे’ म्हणणारी ती बाई. आणि आज नदीच्या तळाशी फोन वाजत होता.

“हॅलो?” पलीकडून पोरीचा आवाज आला.

“चिंगे!” रूपाच्या तोंडून निघून गेलं.

“कोण चिंगी? रॉंग नंबर.” फोन कट.

हौशीरामनं रूपाला खाली बसवलं, पाणी दिलं. “ताई, नंबर बरेच दिवस वापरला नाही, रिचार्ज केला नाही, की सिमची कंपनी तो काढून घेते आणि दुसऱ्या कुणाला देते. हे चिंगीचं घर होतं, आता त्यात दुसरा भाडेकरू राहतोय. आपले आकडे तिच्याकडं येणार.”

“मग माग की तिच्याकडनं.”

“तेच तर. ओटीपी कुणाला सांगू नका, असं रोज फोनवर, टीव्हीवर, बँकेत ओरडून सांगतात. आणि आपण फोन करून म्हणणार, बाई, तुझ्याकडं आलेले आकडे सांग. कोण सांगेल? मी तर पोलिसात देईन.”

तरी त्यानं लावला. पोरीनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “झालं? माझ्या अब्बांना असाच फोन आला होता, खातं रिकामं झालं त्यांचं. तेव्हा बाई रडत होती, आज पण बाई रडतेय. पुन्हा फोन केलात तर रेकॉर्डिंग पोलिसांना देईन.” फोन कट.

त्यानंतर हौशीरामचा नंबर ब्लॉक.

रूपा दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. समोर प्लॅटफॉर्मवर शनिवारची गर्दी उतरत होती, किल्ल्यावर जाणारी, लेणी बघायला जाणारी. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, हसणं. त्यातल्या कुणीतरी चिंगीचा तांदूळ खाल्ला असेल, रूपाला वाटलं. एकेकाचा हात धरून विचारावं, बाबा, तुला पोचला ना? मग तेवढं सांग की वर वाडीत येऊन.

शिदूचा फोन दिवसा तिच्याकडंच असायचा, आताही कमरेला होता. लेकीचा नंबर तिला पाठ होता, तो तिनं दाबला. पोरीनं उचलला, कारण हा नंबर हौशीरामचा नव्हता.

“बाई, ठेवू नगं. आकडं नगं सांगू. एकच सांग, ह्या नंबरावर चिंगीला कुनी काय लिवतं का गं?”

पोरीनं फोन ठेवला नाही. तिचा आवाज बदललेला होता.

“येतात मेसेज. ताई, तांदूळ छान होता. ताई, पुन्हा कधी? मी सांगते मी नाही ती, तरी येतात.” पोर थांबली. “आणि सिम सुरू केलं तेव्हापासून रोज संध्याकाळी एका नंबरवरून मिस्ड कॉल यायचा. एक रिंग, आणि बंद. हाच नंबर आहे तो. तुम्हीच का?”

रूपाला काही उलगडेना. तिनं तर नंबर लागतो हे आजच पाहिलं. आणि मग उलगडलं. शिदू. रोज संध्याकाळी गोठ्यामागं जाऊन उभा राहणारा, बायकोशी लेकीचं नावही न काढणारा शिदू. रिंग वाजली की घाबरून बंद करत असणार.

“तिचा बाप,” रूपा म्हणाली. “चिंगीचा बाप त्यो.”

“चिंगी कुठाय मावशी?”

रूपाला ते शब्द उच्चारता आले नाहीत. ती नुसती श्वास घेत राहिली आणि पोरीला जे कळायचं ते कळलं.

“मी अरफा,” ती म्हणाली. “तळेगावात असते. फोनवर मी कुणाला काही सांगणार नाही, सख्ख्या आईला पण नाही. उद्या सुट्टी आहे. मी येते. आधी तुम्हाला बघते, मग काय ते.”

आणि अरफा खरंच आली. दुपारच्या लोकलनं, डोक्यावरून ओढणी, पाठीवर ती कामाला होती त्या कंपनीची सॅक. चिंगीपेक्षा एखाद वर्षानं लहानच. तिनं दुकान पाहिलं, हौशीरामचं ओळखपत्र मागून पाहिलं, मृत्यूचा दाखला वाचला, आणि रूपाचे हात हातात घेऊन उलटे केले. तळव्यांवर मुसळाचे घट्टे होते. ते तिनं बोटानं चाचपले.

“टाका नंबर,” ती म्हणाली.

हौशीरामनं बटण दाबलं. अरफाच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर ‘चिंगीचं कोठार’ असं लिहिलेलं होतं आणि खाली आकडे. अरफानं आकडे तोंडानं म्हटले नाहीतच. फोन हौशीरामसमोर धरला, त्यानं बघून टाइप केले.

दुकान उघडलं. चिंगीनं काढलेले फोटो, सुपात तांदूळ, उखळ, मुसळाला टेकून हसणारी सुषमा. आणि वर एका पट्टीत थांबवून ठेवलेली सारी रक्कम.

“हाये!” रूपा ओरडली. “हाये की गं माज्या लेकीचं सगळं जागच्या जागी!”

“थांबा, ताई.” हौशीराम पुढचं वाचत होता. त्याचा आवाज बारीक झाला. “अजून एक आहे.”

पडद्यावर एक गोल चौकट आली. खाली सूचना: खातेदाराने चेहरा चौकटीत आणावा. डोळे मिटावेत. डोळे उघडावेत.

बाहेर एक्स्प्रेस धडधडत निघून गेली.

रूपानं दाखल्यासोबत आणलेला चिंगीचा फोटो अरफानं उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. चौकट लाल झाली. फोटो डोळे मिटत नव्हता.

“माजं तोंड तिच्यासारकं हाय,” रूपा एकाएकी म्हणाली. “समदे म्हनायचे. शिदूची आय म्हनायची, पोरगी आयवर गेली.”

“ताई, हे बरोबर नाही,” हौशीराम म्हणाला. “आणि आता एकदाच संधी आहे. चुकलं तर दुकान कायमचं बंद.”

“आन न्हाई केलं तर?”

हौशीरामनं स्टूल कॅमेऱ्यासमोर ओढलं.

रूपानं मागल्या नळावर तोंड धुतलं. डोक्यावरचा पदर खाली घेतला. अरफानं तिचे केस चिंगीसारखे, फोटोत होते तसे मागं ओढून बांधले, कपाळावरची बारकी टिकली सरळ केली. रूपा स्टुलावर बसली. पडद्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्या तोंडाखाली लेकीचं नाव.

डोळे मिटा.

तिनं मिटले. मिटल्या डोळ्यांत चिंगी दवाखान्याच्या खाटेवर होती, पिवळी, आणि विचारत होती, आये, पैसं आलं का गं? बायांना सांग, येत्याल.

डोळे उघडा.

तिनं उघडले. ते भरून आलेले होते.

हसा, असं मशीन म्हणालं.

आणि रूपा हसली. लेक जशी हसायची तसं, डाव्या गालात थोडं वाकडं. ते हसू बघून अरफानं तोंड फिरवलं.

चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली: चेहरा जुळत नाही. खाते बंद करण्यात आले आहे. रक्कम ग्राहकांना परत केली जाईल.

रूपा तशीच बसून होती. हसू अजून गालावर होतं, ते कुठं ठेवायचं तिला कळत नव्हतं.

त्याच सांजेला तिनं वाडीत जाऊन खरं ते सांगितलं. सुषमाच्या अंगणात, सगळ्या बायांसमोर. पैसे होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले, आता ते गिऱ्हाइकांना परत गेले.

“म्हंजी तांदूळ बी गेला आन पैसं बी गेलं?” सुषमा म्हणाली. “आन तू बघितलंस, आमी न्हाई. ब्येस हाय. रूपाबाय, गोष्ट तरी धड रचायची.”

कापणी आली. वाडीत सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून हिचं भात कापायचं, उद्या तिचं. रूपाला सावडीचं बोलावणं आलं नाही. शिदू कामावर, एका बंगल्याच्या राखणीला, तेव्हा आपल्या तुकड्यात ती एकटीच वाकून कापत राहिली. बांधापलीकडं बायांची ओळ सरकायची, त्यांचं बोलणं ऐकू यायचं आणि तिच्या बाजूला आलं की थांबायचं.

अरफाचा फोन मधून मधून यायचा. पैसे परत मिळाले तसे लोक जुन्या नंबरावर विचारू लागले होते, आणि ती एकेकाला लिहीत होती, की चिंगी वारली, पैसे चुकून परत आलेत, तांदूळ तुम्ही खाल्लाय, तिच्या आईला पाठवा. “मावशी, एकानं लिहिलं, हा नवीन फ्रॉड आहे का? दुसऱ्यानं ब्लॉकच केलं. आणि मी काय बोलू त्यांना? मी पण तुम्हाला तेच बोलले होते.”

“ऱ्हाऊ दे पोरी. तू लय केलंस.”

“नाही राहू देत.”

आणि एका सकाळी, दव अजून लोंब्यांवर असताना, फोन वाजला. “मावशी, एक बाई लाइनवर आहेत. कोल्हापूरच्या. माझ्यावर विश्वास नाही म्हणतात, आईशीच बोलायचंय. जोडते.”

एक थकलेला, मवाळ आवाज. “मी अनघा. चिंगीताईंचं ही मुलगी सांगते ते खरं आहे का?”

रूपाच्या हातातला विळा गळून पडला. इतके महिने जे शब्द तिनं कुणापाशी काढले नव्हते, घरात नाही, दारात नाही, ते तिला आता त्या अनोळखी बाईला सांगणं भाग होतं, कारण न सांगितलं तर ही बाईही फोन ठेवणार होती.

“चिंगी गेली, बाई,” ती म्हणाली. “शिमग्याच्या टायमाला. मी तिची आय.”

मग अनघाबाई म्हणाल्या, “सासूबाई आजारी होत्या माझ्या. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं, तुमच्या तांदळाची पेजच ठरायची. पैसे परत आले तेव्हा मला वाटलं, आमचं काही चुकलं. कुठं पाठवू?”

“तांदूळ कसा व्हता? पांढरा का लाल?”

“लालसर. बारका दाणा. शिजताना दुधासारखा वास यायचा.”

तो वास रूपाला ठाऊक होता. तसला लाल भात वाडीत एकाच घरी होतो. फोन कानाशी तसाच धरून ती बांध ओलांडून पलीकडं गेली. बायांची ओळ थांबली. सुषमानं मान वर केली, कपाळावर घाम, डोळ्यांत तोच राग.

“सुषे, तुजं गिऱ्हाईक हाय,” रूपा म्हणाली. “तूच बोल. मला नगं इचारू.”

सुषमानं ओला हात लुगड्याला पुसला आणि फोन घेतला. आधी नुसतं ऐकत राहिली. मग “व्हय… व्हय, माजाच… व्हय, हातानं कांडल्याला,” असं तुटक तुटक बोलत ती बांधावर टेकली. आपला नंबर सांगताना तिचे आकडे चुकले, म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितले. फोन संपला तरी ती तो हातात धरून बसली होती.

“बाकीच्यांचं?” तिनं विचारलं, खाली बघत.

“बाकीचे उचलीत न्हाईत अजून. ती पोर लावतीया.”

“समदे न्हाई उचलायचे.”

“न्हाई उचलायचे,” रूपा म्हणाली.

ओळीतल्या दोघी-तिघी अजून तोंड फिरवूनच उभ्या होत्या. सुषमानं एकवार त्यांच्याकडं पाहिलं, मग रूपाकडं. नाक ओढलं.

“चिंगीला मी नगं ते बोलले,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग उठली, ओळीत एक पाऊल डावीकडं सरकली आणि आपल्या शेजारची जागा मोकळी केली.

“इळा कुटाय तुजा? आन जा. ही कड धर हितनं.”